गोळीची वाट

१९०४ च्या फेब्रुवारीत जपानने पोर्ट आर्थर बंदरातल्या रशियन आरमारावर हल्ला केला आणि पुढचे दीड वर्ष मांचुरियाच्या माळांवर दोन्ही सैन्ये एकमेकांना भिडत राहिली. रशियन शिपायाच्या खांद्यावर तेव्हा १८९१ सालच्या बनावटीची मोसिन-नागां रायफल असे. तिची गोळी अवघी ७.६२ मिलिमीटर जाडीची, वरून कठीण धातूचे कवच, आणि नळीतून सुटताना वेग सेकंदाला ६०० मीटरहून अधिक. आधीच्या पिढीतल्या गोळ्या फार वेगळ्या होत्या. अमेरिकेच्या यादवी युद्धातली मिनी गोळी जवळजवळ दुप्पट जाड आणि निव्वळ मऊ शिशाची. हाडावर आदळली की ती चपटी व्हायची आणि हाडाचा चुरा करत आत घुसायची. डोक्यात लागली तर माणूस वाचण्याची आशा फारशी नसेच. नवी गोळी काही शे मीटरवरून, थोडा वेग गमावून आली असेल तर कवटीला लहानसे भोक पाडून शिरायची, आकार न बदलता सरळ जायची आणि पलीकडून तसेच लहान भोक पाडून बाहेर पडायची. जपानी लष्करी इस्पितळांत त्यामुळे असे जवान दिसू लागले, की ज्यांच्या मेंदूतून गोळी आरपार गेली होती आणि जे तरीही चालत होते, बोलत होते, विचारलेल्या प्रश्नाला नीट उत्तर देत होते.

काळ आला होता पण वेळ आली नव्हती, असे म्हणून आपण अशा माणसाच्या पाठीवर हात ठेवतो आणि विषय तिथेच संपवतो. तात्सुजी इनोउये या तरुण नेत्रवैद्यांना तो संपवता येण्यासारखा नव्हता. जखमी जवानांची दृष्टी नेमकी किती गेली आहे हे मोजून सांगायचे काम त्यांच्याकडे आले होते, कारण जवानाची पेन्शन त्यावर ठरायची. आणि त्यांच्यासमोर येणाऱ्यांपैकी कित्येकांच्या डोळ्यांना ओरखडासुद्धा नव्हता. बुबुळे व्यवस्थित हलतात, आतला पडदा स्वच्छ आहे, आणि तरी माणूस सांगतो की मला समोरचे अर्धेच दिसते.

तपासणीची रीत अशी. जवानाला एका कमानीसमोर बसवायचे, एक डोळा झाकायचा, दुसऱ्याची नजर मधल्या ठिपक्यावर खिळवायला सांगायची आणि एक लहान पांढरी चकती कडेकडून हळूहळू आत आणायची. जिथे ती दिसली तिथे कागदावर खूण. मग दुसऱ्या दिशेने, मग तिसऱ्या. काचबिंदूच्या रुग्णांची आज जी फील्ड टेस्ट करतात तिचेच हे जुने रूप. सगळ्या खुणा जोडल्या की त्या माणसाच्या दृष्टिक्षेत्राचा आराखडा तयार होतो, आणि त्यात जिथे काही दिसत नाही तो भाग काळा भरतात. एखाद्याचा उजवा अर्धा भाग दोन्ही डोळ्यांत काळा. एखाद्याचा फक्त खालचा. एखाद्याला कडेचे सगळे दिसते, वाटेतल्या खुर्चीला तो धडकत नाही, पण ज्या अक्षराकडे पाहावे तेच नेमके नाहीसे होते.

मेंदूच्या मागच्या भागाचा पाहण्याशी संबंध आहे, एवढे त्या वेळी माहीत होते. स्वीडनचे सालोमोन हेन्शेन यांनी तो संबंध कॅल्करिन नावाच्या एका घडीपुरता आणून ठेवला होता. ही घडी मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांच्या आतल्या, एकमेकांसमोरच्या बाजूंवर, अगदी मागे असते. पण तिच्यात दृष्टिक्षेत्राचा कोणता भाग कुठे बसतो यावर एकमत नव्हते. नजरेचा मध्यबिंदू, म्हणजे ज्याने आपण वाचतो आणि चेहरे ओळखतो तो भाग, घडीच्या पुढच्या टोकाला असतो असे स्वतः हेन्शेन मानत. मृतांचे मेंदू कापून हा वाद मिटवणे कठीण होते; गाठी आणि रक्तस्राव वाटेल तसे पसरतात, त्यांना कडा नसते.

इनोउये यांच्यासमोर मात्र सरळ रेषा होत्या. गोळी वेडीवाकडी न होता सरळ गेली असेल, तर आत शिरल्याचे आणि बाहेर पडल्याचे भोक जोडणारी रेषा हीच तिची वाट. त्यांनी डोक्यावर बसवण्याचे एक मोजयंत्र तयार केले, त्याला क्रॅनिओकोऑर्डिनोमीटर असे नाव दिले. लांबी, रुंदी आणि उंची अशा तिन्ही अंगांनी दोन्ही भोकांच्या जागा त्याने टिपायच्या, त्या माणसाचे डोके सरासरीपेक्षा किती मोठे वा लहान आहे याचा हिशेब करायचा, आणि मेंदूच्या प्रमाण आकृतीवर गोळीची वाट आखायची. जिवंत माणसाच्या मेंदूत कुठे इजा झाली आहे, हे कवटी न उघडता आकड्यांनी सांगण्याचे हे काम होते. एका बाजूला ही वाट आणि दुसऱ्या बाजूला दृष्टिक्षेत्राचा काळा भरलेला कागद. असे २९ जवानांचे निष्कर्ष त्यांनी १९०९ मध्ये लाइपझिगमधून जर्मन भाषेत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले.

हेन्शेन यांचे म्हणणे त्यात उलटे ठरले. नजरेचा मध्य घडीच्या मागच्या टोकाला आहे, आणि कडेची दृष्टी जसजशी दूरची तसतशी घडीत पुढे जाते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जागेची वाटणी समसमान नाही: मधल्या इवल्याशा भागासाठी मेंदूने फार मोठी जागा राखून ठेवली आहे. पेन्शनचा हिशेब करायला बसवलेल्या माणसाने त्या हिशेबातून इतके मोठे सत्य बाहेर काढावे, याचे मला आजही फार अप्रूप वाटते.

हे जवान जगले कसे, याचे उत्तर गोळीच्या वेगात आणि वाटेत आहे. मेंदूत शिरलेली गोळी वाटेत येणारे सगळे चिरडते, आणि त्याच वेळी भोवतालचा मऊ मेंदू जोराने बाजूला ढकलते. क्षणाच्याही लहानशा भागात तिथे गोळीच्या कित्येक पट रुंद पोकळी उघडते आणि मिटते. मांडीच्या स्नायूला ताणले जायला जागा असते. कवटी बंद असते, तिच्यातल्या मेंदूला कुठे सरकता येत नाही. गोळीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे वेग दुप्पट तर ऊर्जा चौपट. म्हणून मांचुरियात दुरून आलेली जी गोळी दोन बारीक भोके ठेवून गेली, तीच अगदी जवळून झाडली असती तर कवटी फुटली असती.

मेंदूच्या तळाशी, मानेच्या तोंडाशी, श्वास आणि हृदयाचे ठोके सांभाळणारा मेंदूचा देठ आहे. तिथे इजा झाली की माणूस जागीच जातो. खोल मध्यभागातून, किंवा दोन्ही अर्धगोल ओलांडून आडवी गेलेली गोळीही बहुतेकांचा जीव घेते. एकाच अर्धगोलाच्या पुढच्या किंवा मागच्या टोकातून, मोठ्या रक्तवाहिन्या चुकवून गेलेली गोळी मात्र बरेच काही हिरावून घेऊनही माणसाला जिवंत ठेवू शकते. रशियन सेनापती कुतुझोव्ह यांचे उदाहरण इथे आठवते. १७७४ मध्ये क्रिमियात, आलुश्ताजवळ, त्यांच्या डाव्या कानशिलातून शिरलेली गोळी उजव्या डोळ्यापाशी बाहेर पडली. म्हणजे ती आडवीच गेली, पण अगदी पुढच्या अंगाने. १७८८ मध्ये ओचाकोव्हच्या वेढ्यात पुन्हा डोक्यातच गोळी लागली, आणि त्यानंतर २४ वर्षांनी याच गृहस्थांनी नेपोलियनच्या सैन्याला रशियातून बाहेर घालवले.

असे एखादे नाव शतकानुशतके सांगितले जाते, कारण तसे दुसरे सहज सापडत नाही. वाचलेल्यांच्या कथा ऐकताना हे विसरता कामा नये. इस्पितळाच्या खाटेवर जो दिसतो, तो रणांगणात, डोलीत आणि गाडीत न मेलेला माणूस असतो. बाकीच्यांची वाट कुणी मोजलेली नसते.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये पहिले महायुद्ध पेटले तेव्हा लंडनच्या क्वीन स्क्वेअर इस्पितळातले न्यूरॉलॉजिस्ट गॉर्डन होम्स ३८ वर्षांचे होते. मूळचे आयर्लंडचे. दूरचे कमी दिसते म्हणून लष्कराने त्यांना नाकारले, तेव्हा ते शल्यविशारद पर्सी सार्जंट यांच्यासोबत रेड क्रॉसच्या इस्पितळातून फ्रान्सला गेले. थोड्याच दिवसांत लष्कराला त्यांची किंमत कळली आणि दोघांची रवानगी बूलोनच्या लष्करी इस्पितळात झाली. खंदकातल्या युद्धात शरीर मातीआड असते आणि डोके वर. १९१५ नंतर ब्रिटिश सैन्याला मिळालेले ब्रोडी हेल्मेट उथळ होते. वरून पडणाऱ्या किरचांपासून ते वाचवी, पण मानेच्या वरचा मागचा भाग पुष्कळसा उघडा राही. डोक्याला मार लागलेले २,००० हून अधिक जवान होम्स यांच्या नजरेखालून गेले, आणि त्यांतल्या अनेकांची जखम नेमकी मागे होती.

इनोउये यांच्याकडे आलेल्या जखमा बहुतेक भरलेल्या होत्या. होम्स यांच्या जवानांच्या जखमा ताज्या, पट्ट्यांतून अजून पाझरणाऱ्या. अशा माणसाला एका ठिपक्यावर नजर धरून ठेवायला सांगणे सोपे नसते. तो थकतो, लक्ष उडते, ग्लानी येते. तरीही चकती सरकवत, क्ष-किरण फोटो पाहत, आणि जे जगले नाहीत त्यांच्या शवविच्छेदनाशी ताडून पाहत होम्स यांनी नोंदी केल्या. नेत्रतज्ज्ञ विल्यम लिस्टर यांच्यासह १९१६ मध्ये आणि नंतर एकट्याने १९१८ मध्ये त्यांनी जो नकाशा छापला, तो पुढची सत्तर वर्षे जगभरच्या वैद्यकीय पुस्तकांत राहिला. घडीचा वरचा ओठ दृष्टिक्षेत्राचा खालचा अर्धा भाग पाहतो, खालचा ओठ वरचा. डावा मेंदू उजवीकडचे, उजवा डावीकडचे. आणि नजरेचा मध्य मागच्या टोकाला. तो मान मुळात इनोउये यांचा होता, पण नकाशाला नाव चिकटले ते होम्स यांचे.

होम्स यांच्या नोंदींतली एक गोष्ट मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. खालचा अर्धा भाग दिसेनासा झालेले जवान त्यांच्याकडे पुष्कळ होते. वरचा अर्धा भाग गेलेले फार थोडे. डोळ्यांच्या कामात याचे कारण सापडत नाही, ते कवटीच्या मागच्या भिंतीत सापडते. तिथे, घडीच्या खालच्या ओठाच्या पातळीवर, मेंदूतले सगळे रक्त परत नेणाऱ्या जाड शिरांचा संगम आहे, आणि त्याच्या खाली लहान मेंदू आणि देठ. गोळी दोन बोटे वर लागली तर माणूस पायऱ्या उतरताना ठेचकाळू लागे, कारण खालचे दिसेना. दोन बोटे खाली लागली तर तो बूलोनला पोचतच नसे. नकाशाचा हा भाग विरळ राहिला, कारण तो भरून देणारे फ्लँडर्सच्या चिखलात राहिले.

याच काळात जॉर्ज रिडॉक या डॉक्टरांनी १९१७ मध्ये एक चमत्कारिक निरीक्षण मांडले. ज्या भागात जवानाला काहीच दिसत नाही असे तपासणीत ठरले होते, तिथे वस्तू स्थिर असेल तर तो नाही म्हणे, पण हलू लागली की त्याला काहीतरी हलल्याचे जाणवे. आकार नाही, रंग नाही, नुसते हलणे. होम्स यांना ते पटले नाही. पुढे १९७० च्या दशकात याच दिशेने मोठे संशोधन झाले आणि रिडॉक यांचे जवान खरे बोलत होते हे दिसून आले.

गोळीने जागीच मारले नाही तरी पुढचे दिवस धोक्याचे असत. गोळी किंवा बॉम्बची किरच एकटी आत जात नाही. हाडाचे तुकडे, केस, टोपीचे कापड, चिखल असे सगळे घेऊन जाते. आठवड्याभरात आत पू होतो, मेंदू सुजून जखमेतून बाहेर येऊ लागतो. १९१७ च्या उन्हाळ्यात अमेरिकेचे शल्यविशारद हार्वे कुशिंग बेल्जियमच्या आघाडीजवळ मेंडिंगहेम इथल्या ४६ क्रमांकाच्या ब्रिटिश शुश्रूषाकेंद्रात आले तेव्हा मेंदूच्या आवरणाला भेदून गेलेल्या जखमांचे निम्म्याहून अधिक रुग्ण दगावत. ३१ जुलैला यीप्रची तिसरी लढाई सुरू झाली, पाऊस थांबेना, आणि जखमींच्या रांगा लागल्या.

कुशिंग घाई करत नसत. बाहेर माणसे खोळंबली असताना एकेका रुग्णावर ते इतका वेळ देतात, यावर कुरबुरही झाली. पूर्ण डोके भादरायचे. जागा बधिर करून रुग्ण जागा असतानाच काम करायचे. फुटलेल्या हाडाचा भाग कडेने कापून एकसंध उचलायचा. मग एक मऊ रबरी नळी गोळीच्या वाटेने हळुवार आत सोडायची. निरोगी मेंदू तिला अडवतो आणि मेलेला वाट देतो, हे बोटांना जाणवते. नळीच्या दुसऱ्या टोकाच्या रबरी फुग्याने मेलेला मगज आणि हाडाच्या चुऱ्या शोषून घ्यायच्या. जखम जंतुनाशकाने धुऊन कातडी पूर्ण शिवून टाकायची, कारण उघडी ठेवलेली जखम म्हणजे जंतूंना आमंत्रण. एका जवानाच्या मेंदूत खोल रुतलेला लोखंडाचा तुकडा चुंबकाने काढण्याचे तीन प्रयत्न फसले. शेवटी टोक गोल केलेला एक लांब खिळा वाटेत सरकवून त्याला वरून चुंबक लावला, आणि खिळ्याला चिकटून तो तुकडा बाहेर आला. तीन महिन्यांत कुशिंग यांनी अशा १३३ जखमींचा अभ्यास केला. आवरण भेदलेल्या जखमांतले मृत्यू पहिल्या महिन्यात शंभरात ५४.५ होते, तिसऱ्या महिन्यात २८.८. नवे औषध हाती आलेले नव्हते. हे सगळे हाताच्या चिकाटीने झाले. पेनिसिलिन रणांगणावर पोचायला १९४३ उजाडले, आणि ते मेंदूच्या जखमांसाठी वापरणाऱ्यांत कुशिंग यांचेच शिष्य ह्यू केर्न्स होते.

सुजेचा धोका आजही तोच आहे. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये पाकिस्तानातल्या स्वातमध्ये मलाला युसुफझाईवर गोळी झाडली गेली तेव्हा गोळी मेंदूत शिरली नव्हती. कातडीखालून सरकत ती खांद्याकडे गेली होती. तरीही काही तासांत मेंदू सुजू लागला. पेशावरच्या लष्करी शल्यविशारदांनी कवटीचा तुकडा काढून त्याला फुगायला जागा करून दिली, आणि त्या मुलीचा जीव त्या निर्णयाने वाचला. ब्रिटनमधले उपचार त्यानंतरचे.

जगणे म्हणजे पूर्ववत होणे नव्हे. २ मार्च १९४३ रोजी व्याझ्माजवळ सोव्हिएत सैन्यातल्या २३ वर्षांच्या झासेत्स्की या अधिकाऱ्याच्या डोक्यात डाव्या बाजूला, मागच्या अंगाला गोळी घुसली. युद्धापूर्वी तो तंत्रशिक्षण घेणारा हुशार विद्यार्थी होता. शुद्धीवर आला तेव्हा त्याला उजवीकडचे दिसत नव्हते, स्वतःच्या शरीराचा कोणता भाग कुठे आहे कळत नव्हते, अक्षरे परकी झाली होती. मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया त्याला भेटले आणि पुढची अनेक वर्षे भेटत राहिले. एकेक अक्षर आठवून लिहायला बसला की त्याला काही जमत नसे. मग एकदा त्याला सांगण्यात आले की अक्षराचा विचार करू नकोस, हात न उचलता सलग लिहून टाक. आणि हात लिहू लागला. लिहिलेले त्याला स्वतःला वाचता येत नसे. तरी २५ वर्षे तो लिहीत राहिला, दिवसाला कधी मोठ्या कष्टाने अर्धे पान. अशी सुमारे ३,००० पाने झाली. लुरिया यांनी त्यावरून एक पुस्तक केले, आणि झासेत्स्कीचे नाव त्यामुळे आपल्याला माहीत आहे. इनोउये आणि होम्स यांच्या जवानांचे तसे झाले नाही. ते फक्त रुग्ण क्रमांक अमुक म्हणून उरले. ज्यांच्या सहनशीलतेवर हे सगळे ज्ञान उभे आहे, त्यांची नावे कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाहीत.

इनोउये यांचे नावही दीर्घकाळ मागे पडले. १९८७ मध्ये मिचेल ग्लिकस्टीन आणि डेव्हिड व्हिटरिज यांनी त्यांच्या कामावर लेख लिहून ते पुन्हा पुढे आणले आणि २००० साली त्यांचे पुस्तक इंग्रजीत आले. दरम्यान १९९१ मध्ये अमेरिकेत जोनाथन हॉर्टन आणि विल्यम हॉइट यांनी रुग्णांचे एमआरआय आणि दृष्टिक्षेत्राचे आराखडे शेजारी ठेवून होम्स यांचा नकाशा तपासला. रचना अचूक निघाली. चूक निघाली ती मोजमापात: नजरेच्या मध्याला होम्स यांनी फार कमी जागा दिली होती. मधल्या १० अंशांनाच घडीतली निम्म्याहून अधिक जागा लागते.

हा नकाशा आता गोळीच्या जखमांपेक्षा पक्षाघाताच्या रुग्णांसाठी रोज वापरला जातो. मेंदूच्या मागच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की एका बाजूचे दिसेनासे होते, पण पुष्कळदा मध्य शाबूत राहतो आणि माणूस वाचू शकतो. घडीच्या मागच्या टोकाला बऱ्याचदा दुसऱ्या एका रक्तवाहिनीकडूनही रक्त मिळते, हे त्याचे एक कारण मानतात. गुठळी वरचा ओठ की खालचा, असा भेद करत नाही, आणि खालच्या ओठाच्या इजेने माणूस दगावतही नाही. होम्स यांच्या नोंदींत वरच्या अर्ध्या भागाची जी जागा विरळ राहिली होती, ती या रुग्णांनी भरून काढली.